बिकुंडोलीम नावाचा गाव कुठेच नाही: कॉम्प्युटर बोलता येण्याजोगे खोटे शब्द कसे घडवतो

एखादा शब्द इंग्रजीत नाहीये हे पक्कं माहीत असूनही तो इंग्रजीच वाटतो, असं होतं बघा. 'ब्लिक' म्हणून बघा. अर्थ शून्य, पण उद्या हार्डवेअरच्या दुकानात कुणी म्हणालं "ते ब्लिक जरा मोठ्या साइजचं द्या" तर आपण म्हणू असेल बाबा काहीतरी, आपल्याला ठाऊक नाही इतकंच. आता 'ब्निक' म्हणा. इंग्रजी बोलणारा माणूस लगेच सांगेल की हा आमच्यातला नाही. डिक्शनरीत दोन्ही नाहीत, तरी एकाला आत घेतलं आणि दुसऱ्याला दारातच अडवलं. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या दोघांनी १९६०च्या दशकात हे उदाहरण भाषाशास्त्रात गाजवलं. दारातली ही चौकशी कॉम्प्युटरला शिकवायची कशी, म्हणजे त्याने शब्द तर नवा काढावा पण तो तोंडात बसावा, एवढीच आजची गोष्ट आहे.

कशाला हवेत असले शब्द? गेममधल्या गावांना नावं लागतात, पासवर्ड लागतात, औषधांना नावं लागतात, कंपन्यांना लागतात. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये 'कोडॅक' हे नाव ट्रेडमार्क केलं तेव्हा त्याला अर्थ काहीच नव्हता, माणसाला 'के' हे अक्षर आवडायचं म्हणून पुढेही के आणि मागेही के. आणि आपल्याकडे गोव्यात आसगाव-शिवोलीच्या बाजूला जो नवा व्हिला उभा राहतो त्याचं नाव 'कासा' (पोर्तुगीजमध्ये घर) पासूनच सुरू होतं, जगातले बाकीचे शब्द संपलेत जणू. त्या लोकांनी तरी हा लेख वाचावा.

सगळ्यात सोपा प्रोग्रॅम म्हणजे सव्वीस अक्षरांतून डोळे मिटून सहा उचलायची. असे सहा अक्षरी शब्द होतात ३०,८९,१५,७७६, म्हणजे जवळजवळ एकतीस कोटी. पण बाहेर काय पडतं तर 'एक्स क्यू व्ही टी जे डी', आणि हे वाचायचं कसं हा प्रश्नच नको, कारण त्यात एकही स्वर नाही. मग पहिली युक्ती सगळ्यांना सुचते तीच, एक व्यंजन एक स्वर, एक व्यंजन एक स्वर. इंग्रजीत व्यंजनं एकवीस धरा, स्वर पाच, तर सहा अक्षरांचे शब्द उरतात ११,५७,६२५. एकतीस कोटींवरून साडेअकरा लाखांवर आलो, दर दोनशे सदुसष्टांत एक ठेवला आणि बाकी टाकले. ही घट जरा लक्षात ठेवा, पासवर्डच्या वेळी लागेल.

या पद्धतीने येणारे शब्द बोलता येतात हे खरं, 'बातेनो', 'मिफुलो', 'रुगासी', पण इंग्रजी वाटतात का? मला तरी ते जपानी गाडीच्या मॉडेलसारखे वाटतात. कारण इंग्रजीची चव जोडाक्षरांत आहे. 'स्ट्रीट'मध्ये पुढे तीन व्यंजनं एकदम येतात, 'फ्रेंड'मध्ये शेवटी दोन. त्यामुळे पुढची पायरी अशी की शब्दाऐवजी उच्चाराचा एक तुकडा घ्यायचा आणि त्याचे तीन भाग करायचे, सुरुवात, मधला स्वर आणि शेवट, आणि प्रत्येकाची वेगळी यादी. सुरुवातीच्या यादीत ब, ब्ल, ब्र, स्ट, स्ट्र, श वगैरे, मधे आ, इ, ई, ओ, आऊ, आणि शेवटी ट, न्ड, स्ट, क, न्ग. तीन याद्यांतून एकेक उचलला की 'ब्लाऊस्ट', 'स्टिन्ग', 'शोस्ट'. आता कुठे इंग्रजी वास यायला लागला. (यातला 'स्टिन्ग' खराखुरा शब्द निघाला, ते होणारच, त्यावर नंतर येतो.)

खरी मजा या याद्यांत काय ठेवायचं आणि काय नाही यात आहे, आणि इथे भाषेचे नियम कळायला लागतात जे आपण आयुष्यभर पाळतो पण कुणी विचारलं तर सांगता येत नाहीत. उदाहरणार्थ इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला तीन व्यंजनं आली तर पहिलं स असणार म्हणजे असणारच, दुसरं प, ट किंवा क, आणि तिसरं ल, र, व किंवा य. स्प्रिंग, स्प्लॅश, स्ट्रीट, स्क्रू, स्क्वेअर, सगळे तपासून बघा. 'न्ग' शब्दाच्या शेवटी चालतो, सुरुवातीला चालत नाही. आता असं वाटेल की हे इंग्रजीचेच चोचले, पण मराठीत ळ ने सुरू होणारा एक शब्द सांगा. ण ने? नाही ना? शाळेत कुणी हा नियम शिकवला नाही, तरी कुणी 'ळमाडी' नावाचा गाव सांगितला तर आपण हसू. उलट 'म्ह' ने शब्द सुरू करायला आपल्याला काहीच अडचण नाही, म्हैस, म्हातारा, म्हापसा, आणि इंग्रजीला ते जमत नाही म्हणून शुक्रवारच्या बाजाराला आलेले टुरिस्ट 'मापुसा' म्हणत फिरतात. त्यांची जीभ खराब नाही, त्यांच्या यादीत ते जोडाक्षर नाही.

पण हे नियम हाताने लिहीत बसायचं म्हणजे कंटाळवाणं काम, आणि कितीही लिहिले तरी काहीतरी सुटतं. शिवाय नुसती यादी पुरत नाही, वजनही लागतं. 'स' ने सुरू होणारे शब्द इंग्रजीत ढीगभर, 'झ' ने मूठभर, आणि प्रोग्रॅमने दोघांना सारखीच संधी दिली तर सगळे शब्द परग्रहावरचे वाटतात. म्हणून शहाणी माणसं नियम लिहीतच नाहीत. खऱ्या शब्दांची यादी प्रोग्रॅमपुढे टाकतात आणि सांगतात, मोज बाबा, कुठल्या अक्षरानंतर कुठलं अक्षर किती वेळा येतंय.

या मोजणीला मार्कोव्ह साखळी म्हणतात. (आपल्या गोव्यातल्या साखळी गावाशी काही संबंध नाही, पण तो गावही थोड्या वेळात येणार आहे.) आंद्रेई मार्कोव्ह हे रशियन गणिती. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातली पहिली २०,००० अक्षरं घेतली, स्पेस आणि विरामचिन्हं काढून टाकली, आणि कागदावर हाताने मोजलं की स्वर किती आणि व्यंजनं किती. स्वर निघाले ८,६३८, म्हणजे शंभरात साधारण त्रेचाळीस. पण त्यांना बघायचं होतं ते वेगळंच. आधीचं अक्षर स्वर असेल तर पुढचं स्वर असण्याची शक्यता शंभरात जेमतेम तेरा, आणि आधीचं व्यंजन असेल तर शंभरात सहासष्ट. म्हणजे पुढचं अक्षर आधीच्यावर अवलंबून आहे आणि किती अवलंबून आहे हेही आकड्यात सांगता येतं. त्यांना काही नवे शब्द बनवायचे नव्हते, नेक्रासोव्ह नावाच्या दुसऱ्या गणित्याशी त्यांचा वाद चालला होता की एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटनांना मोठ्या संख्यांचा नियम (खूप वेळा मोजलं की सरासरी स्थिरावते, तो) लागू होतो की नाही, आणि नेक्रासोव्हने त्यात माणसाच्या स्वेच्छेचा मुद्दा आणून ठेवला होता. भांडणातून इतकं उपयोगी काही निघाल्याची उदाहरणं कमीच.

आता हाताने करून बघू, म्हणजे डोक्यात बसेल. फोंड्यात अकरावी-बारावीच्या पोरांना मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो तेव्हा इंग्रजी डिक्शनरीऐवजी सहा गावं देतो. कांदोळी, शिवोली, बाणावली, कुंकळ्ळी, डिचोली, साखळी. पण ही बोर्डावर रोमन लिपीत असतात तशी, पोर्तुगीज वळणाची, शेवटी 'एल-आय-एम' असलेली. सी-ए-एन-डी-ओ-एल-आय-एम, एस-आय-ओ-एल-आय-एम, बी-ई-एन-ए-यू-एल-आय-एम, सी-यू-एन-सी-ओ-एल-आय-एम, बी-आय-सी-एच-ओ-एल-आय-एम, एस-ए-एन-क्यू-यू-ई-एल-आय-एम. प्रत्येक अक्षराची एक पिशवी आहे असं समजा, तांबोल्याची असते तशी, आणि त्या अक्षरानंतर जे अक्षर आलं त्याची चिठ्ठी त्या पिशवीत टाकायची, जितक्या वेळा आलं तितक्या चिठ्ठ्या.

'एल'च्या पिशवीत सहा चिठ्ठ्या पडतात आणि सहाही 'आय'च्या. 'ओ'च्या पिशवीत चार, चारही 'एल'च्या. 'सी'च्या पिशवीत ए, यू, ओ आणि एच, प्रत्येकी एक. 'एन'मध्ये डी, ए, सी आणि क्यू. 'यू'मध्ये एल, एन, ई. 'आय'च्या पिशवीत आठ, त्यातल्या सहा 'एम'च्या, एक 'ओ', एक 'सी'. 'बी'मध्ये एक ई आणि एक आय. अजून दोन गोष्टी लागतात ज्या पोरं हमखास विसरतात. सुरुवातीची एक वेगळी पिशवी, त्यात बी, सी आणि एस प्रत्येकी दोनदा, आणि शेवटाची चिठ्ठी, जी इथे फक्त 'एम'च्या पिशवीत आहे आणि ती निघाली की थांबायचं. शेवटाची चिठ्ठी नसेल तर प्रोग्रॅमला शब्द कुठे संपवायचा ते कळत नाही आणि तो मधेच कुठेतरी तोडतो, मग 'सँक्यू' असले अर्धवट जीव जन्माला येतात.

आता काढायला लागा. सुरुवातीच्या पिशवीतून आला बी, बीच्या पिशवीतून आय, आयमधून सी, सीमधून यू, यूमधून एन, एनमधून डी, डीमधून ओ (तिथे दुसरं काही नाहीच), ओमधून एल, एलमधून आय, आयमधून एम, आणि एमनंतर थांबा. बी-आय-सी-यू-एन-डी-ओ-एल-आय-एम. बिकुंडोलीम! असा गाव गोव्यात नाही, पण बोर्ड लावून ठेवलात तर पणजीहून येणारा माणूस गाडी हळू करून विचारेल की हा बार्देश तालुक्यात येतो की सासष्टीत. आणि हा शब्द निघण्याची शक्यताही मोजता येते, प्रत्येक पायरीचा अपूर्णांक गुणत जायचा: सुरुवातीला बी एक तृतीयांश, मग आय निम्मी, सी एक अष्टमांश, यू एक चतुर्थांश, एन एक तृतीयांश, डी एक चतुर्थांश, पुढे सगळं ठरलेलं, शेवटी आयनंतर एम तीन चतुर्थांश. गुणाकार करा, ३०७२ मध्ये एकदा. त्याच पिशव्यांतून 'बीम' आणि 'सीम' असे तीन अक्षरी तुकडेही निघतात, आणि खरा शिवोलीही परत निघू शकतो. प्रोग्रॅमला हे ठाऊक नसतं की 'क्यू-यू-ई-एल-आय-एम' लिहिलेल्याला इथली माणसं 'खळी' म्हणतात, त्याला आवाज ऐकू येत नाही, तो फक्त अक्षरांच्या शेजाराचा हिशेब ठेवतो.

आता गंमत इथून पुढे आहे. वर आपण एकच अक्षर मागे बघितलं. दोन बघितली तर? म्हणजे 'एन'नंतर काय असं न विचारता 'ए-एन'नंतर काय, 'यू-एन'नंतर काय असं विचारायचं. मग 'ए-एन'नंतर डी किंवा क्यू, पण 'यू-एन'नंतर फक्त सी, 'आय-सी'नंतर फक्त एच. सगळ्या वाटा शोधून काढल्या तर फक्त आठ शब्द शक्य आहेत, त्यातले सहा आपण दिलेलेच आणि नवे दोनच, 'सँडोलीम' आणि 'कँक्वेलीम'. तीन अक्षरं मागे बघा, नवा एकही निघत नाही. दिलेली सहाच्या सहा गावं तशीच परत येतात, प्रोग्रॅम म्हणजे घोकंपट्टी करणारा पोरगा झाला. एका अक्षराच्या आठवणीत मात्र शब्दांना अंतच नाही, कारण आय-सी-ओ-एल-आय-सी-ओ-एल-आय असं गोल गोल कितीही वेळ फिरता येतं.

या सगळ्या खटाटोपाची किल्ली ही एकच आहे. आठवण वाढवली की शब्द ओळखीचा होतो आणि रँडमपणा कमी होतो, आठवण कमी केली की रँडमपणा वाढतो आणि शब्द तोंडात बसत नाही. दोन्ही एकदम मिळत नाहीत, यादी मोठी केली तर थोडी जास्त मोकळीक मिळते एवढंच.

१९४८ मध्ये क्लॉड शॅननने हेच पायरी पायरीने इंग्रजीवर करून दाखवलं, बेल कंपनीच्या तांत्रिक जर्नलमधल्या त्याच्या माहितीच्या सिद्धांतावरच्या निबंधात, ज्यावर आजचं सगळं मोबाइल नि इंटरनेट उभं आहे. पहिल्या पायरीवर सगळी अक्षरं सारखी, नुसता कचरा. मग अक्षरांचं वजन धरलं, मग एक अक्षर मागे बघितलं, मग दोन. दोन अक्षरं मागे बघून त्याला जे मिळालं त्यात 'ग्रॉसिड', 'पॉन्डेनोम', 'रेप्टाजिन' असले शब्द आहेत, आणि 'डेमॉन्स्ट्युअर्स' तर इतका खरा वाटतो की संपादकीयात खपून जाईल. कॉम्प्युटर वापरला नाही त्याने. एक अक्षर मागे बघायच्या पायरीची त्याची पद्धत तर कुणालाही घरी करता येईल: कुठलंही पुस्तक उघडा, एक अक्षर निवडा, दुसरं कुठलं तरी पान उघडून ते अक्षर सापडेपर्यंत वाचा, त्याच्या पुढचं अक्षर लिहून घ्या, मग त्या नव्या अक्षरासाठी पुन्हा तिसरं पान. पुस्तक म्हणजेच पिशव्या, मोजणीसुद्धा करायची गरज नाही. मला ही पद्धत पायथनच्या पंचवीस ओळींपेक्षा जास्त आवडते, पण पोरांना सांगितलं की ती फोन बाहेर काढतात.

इंग्रजी डिक्शनरीवर करायचं असेल तर लिनक्सच्या कॉम्प्युटरवर पुष्कळदा शब्दांची यादी आधीच असते, ती घ्या आणि दोन अक्षरांच्या आठवणीपासून सुरू करा. एकावर 'श्ट'सारखे अडखळते तुकडे बरेच येतात, तीनवर छान गुळगुळीत शब्द येतात पण खरे शब्दही भरपूर परत येतात, चारवर गेलात तर दोन खऱ्या शब्दांना मधे शिवण घातल्यासारखं दिसतं. आणि हो, आजचे चॅटबॉटही मागचं बघून पुढचा तुकडा निवडतात, फक्त त्यांची आठवण दोन अक्षरांची नसून हजारो तुकड्यांची असते आणि पिशव्यांच्या जागी न्यूरल नेटवर्क असतं. तो वेगळा विषय आहे, इथे शिरलो तर आपण घरी जात नाही.

चिठ्ठी काढणारा हात रँडम असतो का, हाही प्रश्न पोरं विचारतात आणि बरोबर विचारतात. कॉम्प्युटर साधारणपणे एका सुरुवातीच्या आकड्यापासून, ज्याला सीड म्हणतात, गणित करत पुढचे आकडे काढतो, ते दिसायला रँडम असतात पण सीड तोच दिला तर यादी तीच येते. गेमवाल्यांना हे फार सोयीचं. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघा विद्यार्थ्यांनी 'एलीट' नावाचा गेम केला, बीबीसी मायक्रो या ३२ किलोबाइट मेमरीच्या मशीनवर. त्यात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे २०४८ नावं हवीत, आणि ती साठवायला जागा नाही. मग त्यांनी दोन-दोन अक्षरांच्या तीसएक जोड्या ठेवल्या, ला, वे, डी, सो, ले, एस, टी, झा, ऑन, से अशा, आणि सीडवरून निघणाऱ्या आकड्यांनी त्या जोडत गेले. ला आणि वे मिळून लावे, डी आणि सो मिळून डिसो, ले-एस-टी मिळून लीस्टी, झा-ऑन-से मिळून झाओन्से. कुठेही लिहून न ठेवलेली नावं, तरी प्रत्येक खेळणाऱ्याच्या मशीनवर तीच. यात एक पंचाईत झाली ती पुढे ब्रेबननेच सांगितली, एका आकाशगंगेत एका ग्रहाचं नाव चारचौघांत न घेण्यासारखं निघालं आणि ती अख्खी आकाशगंगा काढून टाकावी लागली.

म्हणून शेवटी गाळणी हवी. डिक्शनरीत असलेला शब्द आला तर टाका, फार लांब किंवा फार आखूड टाका, एकच अक्षर सलग तीनदा आलं तर टाका, शिव्यांची यादी ठेवा. आणि गोव्यात राहून हे करत असाल तर ती यादी फक्त इंग्रजीची ठेवून भागत नाही, कोकणी, मराठी, हिंदी, पोर्तुगीज, इतक्या भाषांचे कान इथे एका टेबलावर बसलेले असतात की लंडनला सोज्वळ वाटणारं नाव मडगावच्या मार्केटात बोर्डावर लावलं तर दुपारपर्यंत फोटो फिरायला लागतील.

असे शब्द गंभीर कामालाही लागतात. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेतल्या मुलांची वाचनाची एक छोटी तपासणी होते, चाळीस शब्द वाचायचे, त्यातले वीस मुद्दाम खोटे, आणि खोट्या शब्दाशेजारी एका विचित्र प्राण्याचं चित्र असतं म्हणजे मुलाला कळावं की हे त्याचं नाव आहे, अर्थ शोधू नको. कारण सरळ आहे, 'कॅट' मूल पाठांतराने वाचेल, पण पूर्वी कधी न पाहिलेला शब्द वाचला म्हणजे त्याला अक्षरं जोडता येतात. इथे शब्द उच्चारता येणारा हवाच पण ओळखीचा अजिबात नको, म्हणजे आठवणीची ती किल्ली अगदी मधोमध.

औषधांचं त्याहून मजेशीर. वेर्णा-कुंडईच्या इस्टेटीत औषधांच्या कंपन्या आहेत, त्यामुळे गोव्यात पुष्कळ घरांत ही नावं जेवताना ऐकू येतात. ब्रँडचं नाव कंपनी काहीही ठेवो, पण औषधाचं मूळ जेनेरिक नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ठरतं, तिची पहिली यादी १९५३ची, आणि त्यात शब्दाचा एक तुकडा औषधाचं घराणं सांगतो. अटेनोलोल, मेटोप्रोलोल यांचं 'ओलोल' म्हणजे बीटा ब्लॉकर, एनालाप्रिल, रामिप्रिल यांचं 'प्रिल', अॅटोर्व्हास्टॅटिनचं 'व्हास्टॅटिन', आणि आपल्या सगळ्यांच्या पिशवीत असतं ते पँटोप्राझोल. मागचा तुकडा पक्का, पुढचा भाग नवा पण बोलता येण्याजोगा आणि दुसऱ्या औषधाशी गल्लत न होणारा. इथे नुसता रँडम शब्द घेऊन चालत नाही, डॉक्टरचं अक्षर आणि फार्मसीतल्या मुलाचा कान दोन्हींतून तो सहीसलामत पार पडायला हवा.

आता पासवर्ड, आणि इथे बरेच लोक फसतात. १९७५ मध्ये मॉरी गॅसर यांनी माइटर या अमेरिकन संस्थेत उच्चारता येणारे पासवर्ड काढणारा प्रोग्रॅम लिहिला, पुढे १९९३ मध्ये अमेरिकेच्या मानकसंस्थेने त्यावरून सरकारी स्टँडर्डच काढलं. कल्पना चांगली, माणसाला बोलता आलं तर लक्षात राहील, लक्षात राहिलं तर कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवणार नाही. पण १९९४ मध्ये गणेशन आणि डेव्हिस या दोन संशोधकांनी दाखवलं की असे शब्द सारख्या शक्यतेने येत नाहीत, काही वारंवार येतात काही क्वचित, आणि चोराने वारंवार येणाऱ्यांपासून सुरुवात केली तर त्याचं काम बरंच हलकं होतं. ते स्टँडर्ड २०१५ मध्ये मागे घेतलं गेलं. आपल्या पिशव्यांत हेच दिसतं, बिकुंडोलीम ३०७२ त एकदा, पण 'बीम' मात्र आठात एकदा.

सारख्या शक्यतेचे शब्द घेतले तरी आकडे बघा. व्यंजन-स्वर पद्धतीचे आठ अक्षरी शब्द होतात १२,१५,५०,६२५, साधारण बारा कोटी. डोळे मिटून घेतलेले आठ अक्षरी होतात जवळपास २०,८८२ कोटी. म्हणजे बोलता येण्याची किंमत म्हणून आपण सतराशेपट सोडून दिलं. चोराच्या हातात पासवर्डची फाइल आली तर बारा कोटी अंदाज म्हणजे साध्या मशीनलाही फार काम नाही. उपाय एकच, शब्द लांब करायचा. २००९ मध्ये डॅनियल विल्कर्सन यांनी मांडलेली प्रोक्विंट नावाची पद्धत मला यात सगळ्यात प्रामाणिक वाटते, सोळा व्यंजनं, चार स्वर, व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर-व्यंजन असा पाच अक्षरांचा शब्द, असे बरोबर ६५,५३६ शब्द आणि सगळ्यांची शक्यता सारखी, आठवणीचा प्रश्नच नाही. कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता असतो ना १२७.०.०.१, तो या पद्धतीत 'लुसाब-बाबाद' होतो. असे चार शब्द एकापुढे एक ठेवले की चांगला भक्कम पासवर्ड झाला. फासे टाकून ७,७७६ खऱ्या शब्दांच्या यादीतून पाच शब्द घेतले, ज्याला डाइसवेअर म्हणतात, तरी साधारण तेवढाच भक्कम, आणि बहुतेकांना तो सोपा जातो. पण कुठलाही घ्या, पायथनमध्ये त्यासाठी 'रँडम' नावाचं मॉड्यूल वापरू नका, त्याचे सलग ६२४ आकडे बघितले की पुढचे सगळे सांगता येतात, पासवर्डसाठी 'सीक्रेट्स' नावाचं वेगळं मॉड्यूल दिलेलं आहे.

राहिलं मराठी. देवनागरीवर हाच प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवलात तर अक्षर आणि त्याची वेलांटी तो सुटी सुटी मोजतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सगळ्या लिप्या ज्या पद्धतीने साठवतो त्यात, 'ळी' हे एक अक्षर नाही, ळ वेगळा आणि त्याची वेलांटी वेगळी साठवलेली असते, आणि कॉम्प्युटर त्या दोघांना दोन चिठ्ठ्या समजतो. म्हणून आधी शब्दाचे अक्षरांत तुकडे करून घ्यायचे, कां-दो-ळी, शि-वो-ली, बा-णा-व-ली, कुं-क-ळ्ळी, डि-चो-ली, सा-ख-ळी, आणि मग पिशव्या. पण मग बघा काय होतं, एकच अक्षर मागे बघूनसुद्धा या सहांतून नवं एकही नाव निघत नाही! आपल्या एका अक्षरात व्यंजन आणि स्वर दोन्ही आधीच भरलेले असतात, त्यामुळे आपलं एक अक्षर मागे बघणं म्हणजे रोमनमधली दोन-अडीच अक्षरं मागे बघण्यासारखं झालं, आणि सहा गावांची यादी त्याला फारच तोकडी. यादीत कासावली घाला, का-सा-व-ली, आणि लगेच दोन नवी नावं सुटतात. एक 'कासाखळी', तो चालून जाईल, व्हिलावाल्यांनाही आवडेल. दुसरं 'सावली', ते गाळणीत अडकायला हवं.